उबुदचा पाडवा

१७ मार्च २०२३, शुक्रवार

सोलापूरहून सकाळी सहा पाचची वंदे भारत. गाडी सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. अक्का आदल्या संध्याकाळीच अक्कलकोटहून माझ्याकडे मुक्कामाला आली होती. तिची पिशवी माझ्यापेक्षा जड. कडक भाकरीचे दोन पुडे, शेंगा चटणीची बरणी, आणि एका वेगळ्या पिशवीत तांब्याचा छोटा गडू, खण आणि साखरेची गाठी.

"बुधवारी पाडवा आहे. आपण तिकडं, म्हणून काय गुढी उभारायची नाही?"

मी तिला काही म्हटलं नाही. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्रेसष्ट पूर्ण. तिच्या पिशवीत काय असावं हे मी ठरवत नाही.

आम्ही का निघालो होतो ते आधी सांगते. आई मागच्या श्रावणात गेली. त्याआधी अडीच वर्षं ती माझ्या घरी अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. रात्री बारा, दोन, चार. आई गेली, तरी माझे डोळे त्या त्या वेळेला उघडतच राहिले. दोनला तर हटकून. गोळी घेतली की झोप लागायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. योगवर्गाला मी नऊ वर्षं जाते आहे. तिथेही शवासनात पडलं की कान आईच्या खोलीकडे लागलेले. माझं हे सगळं बघून अक्काच्या मुलानं, जो बंगळुरूला असतो, परस्पर ठरवून टाकलं की आई आणि मावशी या दोघींनी आठ दिवस अशा ठिकाणी राहायचं, जिथं कुणाचं काही करायचं नाही. बाली बेटावर उबुद गावाजवळ एक योगशिबिर त्यानं शोधलं. पाच दिवसांचं, त्यात मधे दीड दिवस मौन.

"योग शिकायला परदेशात?" गल्लीतल्या प्रत्येकानं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. आमचं गावच मुळी सिद्धरामेश्वरांचं. बाराव्या शतकातले ते शिवयोगी. लोकांना हाताशी धरून त्यांनी तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. तळ्यातल्या त्या देवळात मी लहानपणापासून जाते आहे. मग समुद्र ओलांडून काय आणायला चालले होते? गाडी कुर्डुवाडीच्या पुढं गेली तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१८ मार्च, शनिवार

रात्रीचं विमान मुंबईहून क्वालालंपूरला, तिथून तीन तासांवर देनपसार. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याचे पाच लाख रुपिया. ऐकून अक्काच्या पोटात गोळा आला. आपले सत्तावीसशेच्या आसपास होतात हे हिशेब करून दाखवलं तेव्हा तिनं पाणी प्यायलं.

उबुद तिथून पस्तीसेक किलोमीटर. दीड तासाचा रस्ता आम्हाला तीन तास लागला, कारण वाटेत मिरवणुका. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, बायकांच्या डोक्यावर नैवेद्याच्या उतरंडी, पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, झांजा आणि ढोल. गावोगावचे देव समुद्रावर न्यायचे, शुद्ध करून परत आणायचे. त्याला मेलास्ती म्हणतात. चालकानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मिरवणूक पूर्ण जाईपर्यंत हात जोडून बसला. त्याच्या मागं अडकलेल्या एकाही गाडीनं हॉर्न दिला नाही.

अक्का काचेला नाक लावून बघत होती. "बाराबंदी घातलेली माणसं वाटलालीत," ती म्हणाली. संक्रांतीच्या यात्रेत आमच्याकडे नंदीध्वज धरणारे अशाच पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. सात नंदीध्वज, उंचच उंच काठ्या, कमरेच्या पट्ट्यात तोलून धरलेल्या. मलाही तेच आठवलं होतं.

शिबिराची जागा भातशेताच्या काठावर. बांबूचा मोठा उघडा मंडप, बाजूला गवती छपराच्या खोल्या. स्वयंपाकघर सांभाळणारी बाई पुढं आली, हात जोडून म्हणाली, "ओम स्वस्त्यस्तु." मी जागच्या जागी थांबले. हा शब्द मी आयुष्यभर शाळेत मुलांना समजावून दिला होता. पत्राच्या शेवटी, आशीर्वादात. इथं ती बाई त्यानं पाहुण्यांना आत बोलवत होती. तिला सगळे 'इबू' म्हणत. इबू म्हणजे आई. मोठ्या बाईला आदरानं असंच हाक मारतात. आम्हीही तेच म्हणू लागलो.

१९ मार्च, रविवार

पहाटे डोळे उघडले. घड्याळात साडेचार. क्षणभर बरं वाटलं, दोनला जाग आली नाही म्हणून. मग हिशेब लक्षात आला. सोलापुरात आत्ता दोनच वाजले होते.

साडेसहाला पहिला वर्ग. आम्ही चौदा जण: ऑस्ट्रेलिया, जर्मनी, जपानचे, एक मलेशियातलं तमिळ जोडपं, आणि आम्ही दोघी. शिकवणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियाच्या, साठीच्या घरातल्या. पुण्याच्या रमामणी अय्यंगार संस्थेत येऊन-जाऊन त्यांनी बरीच वर्षं शिकलेलं. त्यामुळे सगळी अय्यंगार पद्धत: लाकडी ठोकळे, पट्टे, घडी घातलेल्या चादरी. त्या बोलत कमी, बघत जास्त. माझा गुडघा त्यांनी न विचारता ओळखला आणि वीरासनात माझ्याखाली दोन ठोकळे सरकवले. नऊ वर्षं मी ते आसन दुखणं सोसत केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा गुडघ्याकडे लक्ष न जाता श्वास खाली उतरला. मला वाटतं, सोसणं म्हणजेच साधना असं मी धरून चालले होते, आणि आईच्या आजारपणात ते पक्कं झालं होतं.

मी त्यांच्यासाठी भेट म्हणून सोलापुरी चादर नेली होती, लाल-काळी, मोराची. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दोन्ही बाजूंनी नक्षी कशी म्हणून विचारलं. जकार्डच्या मागावर कशी विणतात ते मी हातांनी दाखवलं. माझे वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आमचं घर पूर्व भागात, साखर पेठेच्या अंगाला. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, आजही चालू. वडील जेवता जेवता हात थांबवायचे आणि म्हणायचे, "चार नंबरचा धोटा आपटतोय." सुट्टीला माग बंद असले की त्यांना झोप लागत नसे. चादर मात्र बाईंनी कपाटात ठेवली नाही. घडी घातली आणि दुपारी विश्रांतीच्या आसनात माझ्याच मानेखाली दिली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक भलंमोठं कॅलेंडर होतं, बारीक अक्षरांनी खच्चून भरलेलं, आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. अक्का त्यापुढं उभी राहिली. लिपी रोमन, शब्द मात्र ओळखीचे वाटू लागले. इबूनं बोट ठेवून वाचून दाखवले. रेदिते, सोम, अंगार, बुद, व्रस्पती, सुक्र, सनिस्चर. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर! आयुष्यभर अंगारकी धरणाऱ्या अक्काचा चेहरा उजळून गेला. पौर्णिमेला 'पुर्नामा' म्हणतात. अमावास्येला मात्र 'तिलेम'.

मग इबूनं कॅलेंडरचा वरचा कोपरा दाखवला. साका १९४५. बुधवारपासून.

आपल्या पंचांगातही बुधवारपासून शालिवाहन शके १९४५ सुरू होणार होतं. मी अक्काकडे पाहिलं, अक्कानं माझ्याकडे. शक संवत इथं कोणत्या जहाजातून, कोणाबरोबर आलं असेल! भारतातल्या राजांनी, व्यापाऱ्यांनी, ऋषींनी वापरलेली ती कालगणना जावामार्गे या बेटावर पोचली आणि टिकली. दोन्हीकडच्या अधिक महिन्यांचा हिशेब वेगळा, त्यामुळे नववर्ष दरवर्षी एकाच दिवशी येत नाही. यंदा आलं होतं. त्यांच्याकडच्या त्या दिवसाचं नाव न्येपी. शांत, निःशब्द असा त्याचा अर्थ. त्या दिवशी सगळं बेट चोवीस तास गप्प बसतं.

भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याला फक्त तारखा जुळल्या होत्या.

२० मार्च, सोमवार

वर्ग लवकर उरकून आम्हाला ताम्पाकसिरिंगच्या तीर्थ एम्पुल देवळात नेलं. इसवी सन ९६२ मध्ये बांधलेलं, जिवंत झऱ्यावरचं. आतल्या कुंडात तळाची काळी वाळू उसळत राहते आणि पाणी वर येतं. तेच पाणी बाहेरच्या हौदांत दगडी मुखांतून पडतं, पुढं नदीला मिळतं आणि भातशेतांना जातं. पाणी कोणाला कधी किती द्यायचं हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळींना इथं सुबाक म्हणतात, आणि त्यांचं ठरतं ते पाण्याच्या देवळांत. युनेस्कोनं २०१२ मध्ये ही पद्धत जागतिक वारशात घेतली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. रात्री-बेरात्री उठून पिंपं भरणारी मी, त्या वाहत्या पाण्याकडे बघताना पहिला विचार तोच आला.

सारोंग नेसून हौदात उतरायचं. प्रत्येक मुखाखाली हात जोडायचे, चेहरा धुवायचा, डोकं धरायचं, पुढच्याकडे सरकायचं. याला मेलुकात म्हणतात. पाणी बर्फासारखं. रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी होती, तिला तिची नात धरून चालवत होती. आमची आई आषाढीला चंद्रभागेत उतरायची तेव्हा मी तिला अशीच धरायची.

एका ठिकाणी रांग दोन मुखं सोडून पुढं गेली. मी मात्र थांबले. बरोबरच्या माणसानं हलकेच सांगितलं की या दोन मुखांचं पाणी मृतांच्या विधींसाठी, जिवंतांनी त्याखाली डोकं धरायचं नाही. मी बाजूला झाले, पण तिथून हलले नाही. पाणी पडत होतं. कुणीच त्याखाली नव्हतं. मी लांबूनच ओंजळ जोडली. अक्का मागून आली, तिनं काही विचारलं नाही. आम्ही दोघी तिथं कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो आणि लोक आम्हाला वळसा घालून पुढं जात होते.

परत येताना उबुदच्या मुख्य रस्त्यावर तासभर खोळंबलो. स्कूटर, टूरच्या गाड्या, ओळीनं योगाची दुकानं, आणि भातशेतांत उभे राहिलेले नवे बंगले. उबुद हे नाव 'उबद', म्हणजे औषध, या शब्दावरून आलं असं सांगतात. आठव्या शतकात मार्कंडेय ऋषी जावाहून आले आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांनी तप केलं, अशी गावाची कथा आहे. बरं व्हायला येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गर्दीनंच या गावाचा श्वास कोंडतो आहे, हे मला त्या तासाभरात फार लागलं. मनातून ते अजून गेलेलं नाही.

२१ मार्च, मंगळवार, अमावास्या

सकाळपासून इबू दारात, उंबऱ्याशी, चुलीपाशी, जमिनीवर लहान लहान नैवेद्य ठेवत होती. रोजच्या नैवेद्याला चनांग म्हणतात: नारळाच्या कोवळ्या पानाची परडी, पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं. आज त्याशिवाय जमिनीवर भाताच्या ढिगुल्या, आलं, कांदा, मीठ. हे देवांसाठी नाही, भुतांसाठी. ते पाहून अक्का लगेच म्हणाली, "चित्राहुती." जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून भाताची शितं ठेवणारे आमचे वडील डोळ्यांपुढं आले. इबू सांगत होती: देव, पितर, ऋषी, माणूस आणि भूत, अशा पाचांचे यज्ञ. आपल्याकडचे पंचमहायज्ञ आता पुस्तकात उरले. इथं ते जमिनीवर ठेवलेले दिसतात आणि कोंबड्या येऊन खातात.

संध्याकाळी गावच्या चौकात गेलो. प्रत्येक वाडीच्या, म्हणजे बंजारच्या, पोरांनी महिनाभर खपून राक्षसांचे पुतळे केले होते: ओगो-ओगो. लांब सुळे, बाहेर आलेले डोळे, केसांच्या जागी काथ्या. १९८० च्या दशकापासून ही प्रथा जोरात आली. बांबूच्या जाळीवर पुतळा, खाली पंचवीस-तीस पोरं. चौकात आलं की तो तीनदा गरगर फिरवायचा, म्हणजे भुतांना वाट कळत नाही. मशाली, थाळ्या, डबे, जे हाताला लागेल ते बडवायचं. बांबू खांद्यात रुततोय, घाम डोळ्यांत जातोय, आणि तरी तोल सुटू देत नाहीत. होम मैदानाकडे निघालेल्या नंदीध्वजामागं चालताना छातीत जे होतं तेच झालं. एका पोराच्या खांद्याची सालटी निघाली होती. त्याची आई बाजूनं पळत पळत त्याला पाणी पाजत होती.

हे सगळं करून शेवटी पुतळे जाळतात.

इबूला मी विचारलं, उद्या खरंच कुणी बाहेर पडत नाही? ती म्हणाली: आग नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद, रस्त्यावर फक्त गावानं नेमलेले पहारेकरी, म्हणजे पेचालांग, फिरणार. दवाखाने तेवढे चालू. आजची भुतं उद्या वरून बघतील, बेट रिकामं आहे असं समजून निघून जातील. "पण एका घरात जरी दिवा दिसला," ती म्हणाली, "तर सगळ्या गावाची न्येपी मोडते."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं.

घरी सुनेला फोन केला, उद्या फोन लागणार नाही, काळजी करू नका म्हणून सांगितलं. नऊला आमचं मौन सुरू झालं.

२२ मार्च, बुधवार, चैत्र शुद्ध प्रतिपदा

न्येपी सकाळी सहाला लागते. अक्कानं मला पाचलाच हलवलं. इबूनं काल बांबूची काठी काढून ठेवली होती. अंधारातच, खुणांनी, आम्ही आमच्या खोलीसमोरच्या ओट्यावर गुढी उभारली. खण, त्यावर गाठी, वर गडू पालथा. कडुलिंब मिळाला नव्हता. इबूला झाडाचं नाव ठाऊक होतं, इंतारान म्हणाली, पण जवळपास ते नव्हतं. ती मागून येऊन उभी राहिली, गुढीकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून डोळ्यांनी हसली. नंतर कळलं, त्यांच्या गलुंगान सणाला तेही दारोदार उंच बांबू उभारतात, पेन्जोर. तिला आमची गुढी लहानसा पेन्जोर वाटली होती.

सहा वाजले आणि आवाज थांबला.

कुठला आवाज थांबला हे थांबल्यावरच कळलं. लांबच्या रस्त्याची घरघर, कुठला तरी पंप, डोक्यावरून जाणारी विमानं. उरली भातशेतातली बेडकं, पक्षी, कालव्याचं पाणी. आणि माझ्या कानात माग. खोटं सांगत नाही, कानात यंत्रमाग चालू होते. खटक-खटक, खटक-खटक, सतत. घाबरले. उठून मंडपाच्या टोकापर्यंत गेले, परत आले, आवाज माझ्याबरोबर. सत्तावन्न वर्षांत बाहेर इतकी शांतता कधी झालीच नव्हती, म्हणून आत साठलेला तो आवाज कधी ऐकू आला नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या काही बोलल्या नाहीत, मौनच होतं; त्यांनी तीच मोराची चादर आणून माझ्या पाठीखाली घातली, पाय भिंतीला टेकवून दिले, विपरीत करणी. डोळ्यांवर पट्टी. श्वास सोडताना मोजायला बोटांनी खूण केली. कितीतरी वेळ गेला. आवाज गेला नाही. पण मला त्यात वेगवेगळे माग ऐकू यायला लागले, वडिलांना यायचे तसे. मग भीती गेली.

चूल बंद. काल शिजवून ठेवलेला भात, रताळी, फळं. अक्काचा उपवास. मी कडक भाकरी मोडली आणि शेंगा चटणीवर तेल न घेता तशीच खाल्ली. आग न लावता, शिजवल्यावर पंधरा दिवसांनीही खाता येणारी भाकरी! आमच्याकडच्या बायकांनी ती कशाकशासाठी केली असेल, दुष्काळासाठी, वारीसाठी, प्रवासासाठी. न्येपीसाठीही ती तंतोतंत बसली. इबूनं खूण करून एक तुकडा मागितला. चटणी जिभेवर ठेवली, शेंगदाणा ओळखला, आणि मान डोलावली.

दुपार लांबलचक होती. कुंपणापलीकडच्या वाटेवर पेचालांग दोनदा दिसला. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, पोलेंग. तेच कापड इथं झाडांना आणि मूर्तींना गुंडाळतात. उजेड आणि अंधार, दोन्ही हवेत, म्हणून. तो आमच्याकडे बघून थांबला नाही. शेजारच्या घरात एक लहान मूल रडायला लागलं, लगेच कुणीतरी त्याला उचललं असणार, शांत झालं. त्या घरात माणसं होती, त्याच्या पुढच्या घरातही होती, डोंगरापर्यंत, समुद्रापर्यंत होती, आणि सगळी आमच्यासारखीच बसलेली. मी योगवर्गात डोळे मिटून बसायची तेव्हा शांतता माझी एकटीची असायची. बाहेरून कुणीही येऊन ती मोडू शकायचं, आणि मी त्याच्यावर चिडायची. ही शांतता शेजाऱ्यानं माझ्यासाठी धरलेली होती, मी शेजाऱ्यासाठी. गल्लीतल्या लोकांच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठं दिसलं असेल तर इथं. सिद्धरामेश्वरांनी तळं एकट्यानं खोदलं नव्हतं.

सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली. मग काळोख. दिवा नाही, मेणबत्ती नाही. पश्चिमेला शुक्र बराच वेळ होता, तोही गेला.

पहाटे जाग आली. घड्याळ बघायची गरज नव्हती. सोलापूरचे दोन वाजले होते. चाचपडत ओट्यावर आले तर तिथं अक्का बसलेली, भिंतीला टेकून, डोळे उघडे. ढग पांगले होते. इतके तारे मी कधी पाहिलेले नाहीत. जवळजवळ डोक्यावर वृश्चिक, लाल ज्येष्ठा, वळलेली नांगी, तिच्यातून आकाशगंगा. अक्कानं माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. तिचा हात गार होता; बराच वेळ बसलेली असणार.

मौन होतं. आम्ही बोललो नाही.

२३ मार्च, गुरुवार

सहाला न्येपी सुटली. याला ङेम्बाक गेनी म्हणतात, आग पुन्हा लावणं. इबूनं चूल पेटवली, गल्लीत पहिली स्कूटर वाजली, कोंबडे ओरडले. आज सगळे एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात.

न्याहारीनंतर आमचं मौन सुटलं. मी अक्काला विचारलं, "तू पहाटे कशी काय उठलीस?"

"मी रोज दोनला उठते."

"कधीपासून?"

"आई तुझ्याकडं पडली तेव्हापासून. मला वाटायचं, आत्ता ती एकटी आईची कूस बदलत असेल. मग मी पण उठून बसायची. समर्थांचं नाव घेत. तू परत झोपली असशील असं वाटलं की मी झोपायची."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून तुझं काम हलकं झालं असतं?"

आम्ही दोघी खूप रडलो. जपानी बाई चहाचा कप घेऊन आल्या होत्या, त्या कप ठेवून निघून गेल्या.

दुपारचा वर्ग झाला. काय केलं ते मला नीट आठवत नाही.

२४-२५ मार्च

इबूला निरोप दिला. खण तिला ठेवून दिला, तिनं अक्काला एंदेकचं कापड दिलं. बाण्याचं सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, म्हणून नक्षीची कड किंचित फुटलेली दिसते. वडिलांनी ते तासभर हातात धरून ठेवलं असतं. विमानतळाच्या रस्त्यावर अक्कानं खिडकीतून बोट दाखवलं: बारीक चंद्रकोर आणि तिला खेटून शुक्र. मुंबईत उतरल्यावर फोन चालू केला तर सुनेनं गच्चीवरून काढलेला तोच फोटो पाठवलेला.

शनिवारी रात्री पावणेअकराला सोलापूर. अक्का त्या रात्री माझ्याकडेच राहिली.

२६ मार्च, रविवार

अक्काला दुपारच्या गाडीनं अक्कलकोटला पाठवलं. संध्याकाळी कपडे घड्या करत बसले होते. भिंतीपलीकडे माग चालू होते. आठ वाजले, पाळी बदलायची वेळ झाली, आणि एकेक माग थांबत गेला. उतरलेले कामगार बाहेर येऊन हातपाय धूत होते, रात्रपाळीवाले डबे ठेवत होते. जन्मापासून हे रोज दोनदा होत आलंय. मी हातातला टॉवेल बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. नऊ-दहा मिनिटं झाली असतील. मग कुणीतरी पहिला माग सुरू केला. त्याचा धोटा जरा आपटत होता.